बाई, तुम्ही त्या वहाणा का घातल्यात?

बाई,

भांडण अर्धवट टाकून जायची तुमची रीत नव्हती. शाळेत तास संपल्याची घंटा झाली तरी तुमचं वाक्य पुरं झाल्याशिवाय एकही मुलगी मैदानातून हलायची नाही. आणि माझ्याशी एवढं मोठं भांडण सुरू करून तुम्ही सिव्हिल हॉस्पिटलच्या खाटेवर भिंतीकडे तोंड केलंत, ते केलंतच. आता मी कुणाशी भांडू?

शोकसभेत तुम्हाला ‘शांत, मायाळू आणि सेवाभावी’ म्हणाले. तिन्ही खोटं. शांत तुम्ही कधीच नव्हतात. मायाळूपणाचा तुम्हाला तिटकारा होता. आणि ‘सेवा’ हा शब्द कुणी काढला की तुमच्या कपाळाची शीर उठायची. “सेवा म्हणजे काय गं शालन?” तुम्ही मला विचारायचात आणि उत्तर तुम्हीच द्यायचात. “चालत्या माणसाला खाटेवर बसवायचं, भरवायचं, आणि त्याचे पाय गेले की अरेरे करायचं.”

तुम्ही आमच्या ड्रिलच्या बाई. पावडरीचा वास येणाऱ्या, गाणी शिकवणाऱ्या बाई वेगळ्या. तुमच्या अंगाला मैदानावरच्या धुळीचा वास यायचा. मी तास चुकवायला पोट दुखतं म्हणून सांगितलं, तर म्हणालात, “पोटावर हात ठेव आणि एका पायावर उभी राहा. पाय दुखत नाही ना?” सगळा वर्ग हसला. मी उभी राहिले. रागाने उभी राहिले म्हणून पडले नाही. तो राग अजून माझ्या कामाला येतो, आणि तो तुम्ही दिलात, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

मग मी युवक मंडळात गेले, पत्रकं लिहायला लागले, आणि तुम्ही निवृत्त होऊन वृद्धाश्रमात राहायला आलात. भावाच्या घरात खोली होती, पण “वहिनीच्या हातचा चहा उपकारासारखा लागतो,” असं म्हणून तुम्ही ट्रंक उचललीत. मी तुम्हाला भेटायला आले ते खरं तर पत्रकासाठी. दुष्काळाचं वर्ष. खेड्यापाड्यातली माणसं खडी फोडायला, तलावाची माती उपसायला गेलेली, आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांनी आश्रमाच्या खोल्या भरलेल्या. मला वाटलं होतं, उपासमार दिसेल, घाण दिसेल, दोन पानं सहज भरतील.

तसं काहीच नव्हतं. फरशी पुसलेली. भाकरी गरम. व्यवस्थापक नाना स्वतः म्हाताऱ्यांना उचलून मोरीपर्यंत नेत होते. कुणी उठायला लागलं की नाना धावत यायचे, “बसा बसा, आजी, उठू नका, मी आहे ना!” दिवसभर ऐकू यायचं तेच. बसा, आजी. बसा, आजोबा. आपल्याकडे वडीलधाऱ्याला मान द्यायचा म्हणजे त्याला जागचं उठू द्यायचं नाही. घरात तो मान दिवसातून चारदा मिळतो, म्हणून बाधत नाही. तिथे तो उठल्यापासून निजेपर्यंत मिळत होता. नाना दुष्ट असते, तर माझं काम किती सोपं झालं असतं!

“लिही काय लिहायचं ते,” तुम्ही मला म्हणालात. “अन्याय दिसत नाही ना? थांब.” आणि तुम्ही मला सखूआजीच्या खाटेपाशी नेलंत.

सखूआजी सुप्याकडची. मुलगा बबन आणि सून दुष्काळी कामावर. आश्रमात आल्याआल्या ती नळापाशी घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण त्या दिवसापासून तिला खाटेवरून उतरू दिलं नव्हतं. बबन आला तेव्हा पायाशी बसून रडला आणि जाताना अट घालून गेला. ती अट आजीने मला स्वतःच सांगितली, हसत सांगितली. “म्हनला, आये, तुझं तुला उटता-बसता यिऊ दे, परसाकडं एकटी जाया लाग, की त्याच दिशी नेतो. आमी दोगं कामाव जानार. तुला उचलायला मागं कोन हाय?” मग तिने गोधडीखालचे पाय माझ्याकडे ढकलले. “बग. काड्या झाल्या. आन् हे नाना म्हनत्यात बसा.”

तुम्ही गोधडी बाजूला केलीत. “सखूबाई, घरी जायचंय?”

“जायाचं न्हाई तर काय हितं मरायचंय व्हय?”

“मग खाली उतरा.”

तुमचा वर्ग असा सुरू झाला. आधी एकटी सखूआजी, मग भोवती जमलेले बघे, मग बघ्यांतलेच अर्धे. दिवाणखान्यातल्या शहाबादी फरशीवर तुम्ही खडूने लांब रेघ ओढलीत आणि एका टाचेला दुसऱ्या पायाचा अंगठा लावत तिच्यावरून चालायला लावलंत. खुर्चीच्या पाठीला धरून एका पायावर उभं राहायचं. हात न टेकता स्टुलावरून उठायचं. चवड्यावर उंच व्हायचं, हळू खाली यायचं. कोपऱ्यातले एक आजोबा पहिल्या दिवशी ओरडले, “ओ बाई, भिंगारच्या लष्करात भरती निघालीया का काय?” तुम्ही मान न वळवता म्हणालात, “निघाली तरी तुम्हाला घेणार नाहीत. गुडघा वर!” दुसऱ्या दिवशी तेच आजोबा धोतराचा काच्या घट्ट मारून रांगेत.

पण तुमचा खरा धडा वेगळाच होता. तुम्ही त्यांना जमिनीवर झोपवायचात आणि म्हणायचात, “आता पडलात असं समजा. उठा.” कुशीवर वळायचं, कोपरावर यायचं, रांगायच्या अवस्थेत यायचं, एक पाय पुढे रोवायचा, खाट धरायची, उभं राहायचं. नाना दारात उभे राहून दोन्ही हातांनी डोकं धरायचे. “अहो बाई, म्हाताऱ्या माणसांना लोळवता कसल्या!” सखूआजीला पहिल्यांदा ते जमलं तेव्हा ती खाट धरून उभी राहिली आणि तिने तुम्हाला एक अस्सल गावरान शिवी दिली. तुमचे डोळे भरून आले होते. मी पाहिलं होतं. तुम्ही म्हणालात, खडूची धूळ गेली.

मी त्या वेळी तुमच्यावर चिडत होते. मला वाटायचं, नळापाशी शेवाळ आहे, तिथे खडबडीत दगड बसवायला लावा. मोरीत धरायला बांबू लावायला लावा. पायऱ्यांना कठडा मागा. ते विश्वस्तांचं काम आहे, आणि तुम्ही ते म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांवर टाकताय. “दगड तसाच ठेवायचा आणि माणसाला तोल शिकवायचा,” मी म्हटलं, “हे सरकारच्या सोयीचं तत्त्वज्ञान आहे.”

“कठडा माग. मी कुठे नको म्हणते?” तुम्ही म्हणालात. “पण कठडा येईपर्यंत सखूचे पाय थांबणार आहेत का? तुझं पत्रक माणसं बसून वाचतात, शालन. मला त्यांना उठवायचंय.”

याचं उत्तर मला नंतर सुचलं, ते तुम्हाला ऐकवायचं होतं.

आता वहाणांचं.

माणूस गेला की त्याच्या नावाने जोडे दान करतात, पुढची वाट काट्याकुट्यांची, तापल्या वाळूची असते म्हणून. नगरातल्या कैक घरांतून ते दान आश्रमात यायला लागलं होतं. दान चांगलंच. पण जोडे गेलेल्या माणसाच्या मापाचे. नाहीतर त्याला पोचणार कसे? आणि घेणाऱ्याने ते दात्यासमोर पायात घालून दिवाणखान्यातून अंगणापर्यंत चालून दाखवायचे. चालणारे पाय जिवंत माणसाचे, वाट चालतो तो मेलेला. नव्या वहाणांचे तळवे गुळगुळीत, फरशी त्याहून गुळगुळीत. चिमणीएवढ्या पावलांच्या म्हाताऱ्या धिप्पाड पुरुषांच्या वहाणा फरफटवत चालायच्या, आणि दाते हात जोडून रडायचे. तुम्ही आलात त्याच्या आधी या वहाणांवरून किती जणी घसरल्या, हे खोलीखोलीतून ऐकायला मिळायचं. कुणी बोलत नव्हतं. मेलेल्याच्या दानाला नाव ठेवायचं कुणी?

तुम्ही ठेवलंत. वर्गात वहाणा बंद. अनवाणी या, नाहीतर मापाच्या घालून या. पण दान घेणं काही तुमच्या हातात नव्हतं.

मग ते व्यापारी कुटुंब आलं. वडील गेले होते, अंगाने दणकट माणूस. वहाणा आणल्या त्या होडग्यासारख्या. दिवस ठरला तसं नानांनी सखूआजीचं नाव पुढे केलं. का, तर ती आता सगळ्यांत चांगली चालते! बाई, तुमच्या शिकवण्याचं हे बक्षीस. आठवतं ना, तुम्ही व्हरांड्यात नानांसमोर उभ्या राहिलात?

“तिला नाही,” तुम्ही म्हणालात.

“बाई, घरचे लोक यायचेत. दान कुणीतरी घ्यायला हवं ना. तुमच्या वर्गापायी आधीच विश्वस्त नाराज आहेत. उद्या म्हणाले, बंद करा, तर मी काय करू?” नाना हात जोडून बोलत होते. धमकी हात जोडून दिली की ती धमकी वाटत नाही.

“म्हणजे दान घेतलं तर वर्ग राहील?”

“मी शब्द टाकतो.”

“मग मी घालते.”

मी तिथेच ओरडले. म्हटलं, बाई, वाटाघाटी करू नका. मी रात्रीत पत्रक काढते, ‘वृद्धांच्या पायात मृतांच्या वहाणा’, सकाळी कापडबाजारात वाटते, बघू कोण दान घ्यायला लावतो. तुम्ही हसलात. “मथळा चांगला आहे. काढू नकोस.”

“का?”

“कारण उद्या ते घर सुतकातून उठतंय. बाप गेलाय त्यांचा. आणि परवा माझा वर्ग आहे.”

आपलं शेवटचं उभ्याने झालेलं बोलणं ते. मी तावातावाने निघून गेले. मी बरोबर होते, बाई. हे तुम्ही कबूल करायला हवं होतं. तुम्हीही बरोबर होतात, हे कबूल करायला मी अजून तयार नाही.

दुसऱ्या दिवशी जे झालं ते मला सखूआजीने सांगितलं. तुम्ही वहाणा घातल्यात. दिवाणखाना नीट ओलांडलात, एक पाऊल उचलून एक टेकवत, जसं शिकवायचात तसं. थोरला मुलगा हात जोडून रडत होता, आणि अंगणाच्या पायऱ्यांपाशी तो तुमच्या पाया पडायला खाली वाकला. तुम्ही त्याच्या डोक्यावर हात ठेवायला वाकलात. वहाण पुढे राहिली, पाय मागे. पायऱ्यांना कठडा नव्हता.

सिव्हिलमध्ये खुबा मोडलेला तुमचा पाय वाळूच्या पिशव्यांत अडकवलेला होता, पाऊल बाहेरच्या बाजूला कललेलं. मुलींना पावलं जुळवून उभं करण्यात तुमचा जन्म गेला, आणि तुमचं स्वतःचं पाऊल तसं पडलेलं मला बघवेना. तुम्ही पहिलं काय विचारलंत? “वर्ग चालू आहे ना?”

“बंद केला,” मी म्हटलं. “त्याच दिवशी.”

तुम्ही म्हणालात, “तू खोटं बोलायला कधी शिकणार गं?” आणि तोंड फिरवलंत. पुढे छातीत कफ भरला, ताप चढला, डॉक्टर इंग्रजीत एकमेकांशी बोलायला लागले. मी रोज यायचे. तुम्ही ओळखायचात, पण बोलायच्या नाहीत. मला वाटायचं, बरं वाटलं की भांडू.

शोकसभेत नाना रडत रडत बोलले. खरे अश्रू होते, मी त्यांच्यावर तो आरोप करणार नाही. म्हणाले, “बाईंनी या वयात स्वतःला फार ताणलं. व्यायाम झेपला नाही. त्यांच्या जाण्यातून आपण धडा घेऊ, यापुढे आश्रमात कुणाला असे कष्ट होऊ देणार नाही.”

तुमच्या मरणाचं कारण असं बदललं गेलं, बाई. सगळ्यांच्या देखत, सभ्यपणे, हुंदक्यांच्या आत. वहाणांचं नाव नाही. कठड्याचं नाव नाही. दोषी ठरले ते तुमचे गुडघे.

मी उठले. म्हटलं, व्यायामाने नाही, तुमच्या दानाने मारलं. समोर ते व्यापारी कुटुंब बसलेलं. थोरल्या मुलाचा चेहरा असा झाला की मला क्षणभर जीभ चावावीशी वाटली, पण चावली नाही. मागून कुणीतरी म्हणालं, “बस गं, मेलेल्याच्या नावाचं दान आहे ते.” मी म्हटलं, मेलेल्याचं नाव दानाला, मग मारलेलीचं नाव कशाला? मग मला हाताला धरून बाहेर नेलं. वॉचमनला सांगून ठेवलंय, हिला आत सोडायचं नाही.

पत्रक मी काढलं. मथळा तुम्हाला आवडला होता तोच. कापडबाजारात वाटलं, एसटी स्टँडवर वाटलं. काहींनी वाचलं. काहींनी त्यात शेंगदाणे बांधून नेले. विश्वस्तांपर्यंत गेलं, तर म्हणे एक जण म्हणाला, “पोरगी गैरसमजातून लिहिते. बाईंची विद्यार्थिनी ना, मनाला लागलंय तिच्या.” अजून तरी ना कठडा आलाय ना दगड. तुमच्या खडूची रेघ मात्र पुसली गेली. त्यांची फरशी रोज पुसतात.

आता सखूआजीचं सांगते. हे ऐकायला तुम्ही हव्या होतात.

वर्ग बंद झाल्यावर तिला परत खाटेवर बसवलं. बसली. पण सगळे जेवायला गेले की खाटेच्या दांडीला धरून उभी राहायची, उतरायची, चढायची. वॉचमन मला फाटकावर सांगायचा, हसत सांगायचा, म्हातारीचं डोकं फिरलंय म्हणून. तिला एकच धास्ती होती. बबन येईल तेव्हा आपण बसलेल्या दिसू नये.

काल, रविवारी, बबन आला. मी फाटकाबाहेर पत्रकं घेऊन उभी होते, म्हणून पाहिलं. तो धुळीने पांढरा झालेला, हाताच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या. आत शिरला आणि अंगणातच थबकला. सखूआजी दिवाणखान्यातून चालत येत होती. अनवाणी. पायऱ्यांपाशी थांबली, भिंतीला तळवा लावला, आणि एकेक करून उतरली. नाना मागून धावले, “आजी!” तिने हात मागे करून त्यांना तिथेच थांबवलं.

“बग,” ती बबनला म्हणाली. “परसाकडं बी एकटी जाते. चल. बोचकं बांदलंय.”

बबन खाली बसला. तिच्या पायाशी, मातीत. मग म्हणाला, “आये, घराला कुलूप हाय. हिरीत पानी न्हाई. आमी कामावरच निजतो, झापात. थितं उनात तुला कुटं ठिवू?”

“तू म्हनला हुतास.”

“म्हनलो हुतो.” तो रडायला लागला. “मला काय ठावं, तू खरंच उटशील.”

बाई, मी पत्रकं लिहिते. मला रोज नवा अन्याय सापडतो आणि त्याला मथळा सापडतो. त्या वाक्याला मला मथळा सापडत नाही. अट घातली होती ती पुरी होणार नाही या भरवशावर. आणि ती तुम्ही पुरी करून घेतलीत.

सखूआजी त्याला ओरडली नाही. त्याच्या केसांतली धूळ झटकली. म्हणाली, “उट. गाडी चुकंल.” आणि त्याला सोडायला निघाली. पाव्हण्याला वेशीपर्यंत पोचवायचं ना, तशी. मधे दोनदा थांबली, पण बबनचा हात धरला नाही. तो रस्त्याला लागला, वळणाआड गेला, तरी फाटकाचे गज धरून उभीच. मग तिने मला पाहिलं.

“पोरी, बाई म्हनायच्या आदी पाय. पाय झालं. आता ह्या पायानं कुटं जाऊ?”

तुम्ही असतात तर काहीतरी खरमरीत बोलल्या असतात. मला सुचलेलं उत्तर होतं ते तुमच्यासाठी होतं, कठडा आणि गुडघा यांत आधी काय, याचं. तिने विचारलं ते तिसरंच. जायला जागा हवी, विहिरीला पाणी हवं, मागे राहायला माणूस हवं. ते तुमच्या वर्गात नव्हतं, बाई, आणि त्याचा मला तुमच्यावर राग आहे. माझ्या पत्रकातही नाही, आणि त्याचा राग कुणावर काढू?

मी फक्त म्हटलं, “आजी, उद्या सकाळी इथे ये. मी बाहेरून, तू आतून.”

“कशापायी?”

“पाय परत जायला नकोत म्हणून.”

ती वळली आणि निघून गेली.

आज सकाळी गेले. मला वाटलं नव्हतं, पण ती आली. एकटीच. गज धरले, मीही धरले, आणि आम्ही दोघी समोरासमोर एका पायावर उभ्या राहिलो. व्हरांड्यात नाना उभे होते. वॉचमन बिडी ओढत बघत होता. रस्त्याने जाणारा एक सायकलवाला थांबून हसला आणि पुढे गेला. तिचा पाय थरथरत होता, हनुवटी थरथरत होती, पण पाऊल सरळ होतं. किती वेळ उभ्या होतो कोण जाणे. मी मोजायला विसरले, आणि तुमच्यासारखी शिस्त मला कधी जमली नाही.

“ह्यो झाला,” सखूआजी म्हणाली, पाऊल खाली टेकवत. “आता दुसरा.”